गाव वजा शहर

कांद्याची काढणी सुरू झाली की कुणाला आई आठवते, कुणाला शाळेची सुट्टी. मला एक माणूस आठवतो आणि डोकं फिरतं. दरवर्षी. दौंडला आमच्या खिडकीतून रेल्वेचं यार्ड दिसतं, रान दिसत नाही. पण होळी होऊन गेली की रस्त्यानं गोण्यांनी भरलेले ट्रॅक्टर जायला लागतात, वाऱ्याबरोबर ओल्या पातीचा उग्र वास येतो, आणि मी चहाचा कप हातात धरून दातओठ खात उभी राहते. नवरा रेल्वेत आहे. तो म्हणतो, "आला का तुझा सीझन?" आणि शहाण्यासारखा दुसऱ्या खोलीत जातो.

राग धरून ठेवू नये म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांच्यावर कुणीतरी राग धरलाय, तेच बहुतेक. मी धरून ठेवला. आमच्याकडं उन्हाळी कांदा वखारीत ठेवतात तसा ठेवला: नीट वाळवून, वारं खेळतं ठेवून, मधूनमधून हात फिरवून सडका तेवढा बाजूला काढून. भाव आल्याशिवाय वखार कुणी फोडत नाही. मीही घाई केली नाही.

ज्या माणसाचा राग येतो त्याचं नाव इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तो कात्रण काढून ठेवील, इतकी त्याला छापील नावाची हौस. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, इथंही सरच म्हणू. पुण्यातल्या एका संस्थेत ते मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होते. काम काय, तर एमआरआयच्या मशिनीत माणूस झोपतो, त्याच्या मेंदूची चित्रं निघतात. कुणाचं डोकं लांबट, कुणाचं चपटं. ती सगळी चित्रं ताणून-दाबून एका साच्यात बसवायची. मग एक मोठा तक्ता मांडायचा. प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक गोष्टीचा एक रकाना: वय, शिक्षण, बाई की पुरुष, मशिनीत डोकं किती हललं, आणि माणूस कुठल्या गटातला. संगणक मग मेंदूच्या कणाकणापाशी थांबून बघतो की इथला फरक कुठल्या रकान्यामुळं आहे. ह्याला गटाचं मॉडेल म्हणतात. जो रकाना तुम्ही मांडलाच नाही, त्याबद्दल संगणक चकार शब्द काढत नाही. सगळं कसब त्या मांडणीत असतं, आणि ती मांडायचं काम माझं होतं.

आमचा प्रश्न असा होता की साठीच्या पुढच्या माणसाचा मेंदू स्वस्थ पडल्यावर आणि थोडं काम दिल्यावर कसा चालतो, आणि त्यात खेड्यातल्या न् शहरातल्या माणसांत काही फरक आहे का. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: गाव वजा शहर. शहर मिळायला अडचण नव्हती, संस्थेच्या आसपास निवृत्त मंडळी भरपूर. गावाचं सर मला म्हणाले, "तुझं घर आहे ना तिकडं शिरूरकडं? आण थोडे म्हातारे." कोथिंबीर आण म्हणावं तसं म्हणाले.

शिरूरकडं म्हणजे निमोण्याहून इनामगावाकडं जाताना आमचं गाव लागतं. इनामगावात पूर्वी मोठं उत्खनन झालं, हजारो वर्षांपूर्वीची घरं, रांजण, माणसांचे सांगाडे निघाले. आमचे आप्पा तरुणपणी तिथं मातीच्या पाट्या उचलायला होते. त्यामुळं पुण्याची शिकलेली माणसं येऊन आपल्याला मोजतात, ह्याचं आमच्या गावाला नवल नव्हतं. आधी मेलेल्यांची हाडं मोजली, आता जिवंतांची डोकी मोजतायत, एवढंच.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील लवकर गेले, मला आप्पांनीच शिकवलं. गावात बांधावरनं भांडण लागलं की तलाठ्याच्या आधी आप्पांना बोलावणं यायचं. आप्पा बांधावर उकिडवे बसायचे, दोन्हीकडच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायचे, आणि शेवटी बोट दाखवून म्हणायचे, "दगूड हितं होता." मग दगड तिथंच रोवला जायचा. त्यावर पुन्हा कोर्टात गेलेलं मला आठवत नाही. गावच्या दूध डेअरीचे ते कितीतरी वर्षं चेअरमन होते, ते ह्याच्याच जिवावर.

मी ओट्यावर बसून त्यांना मशिनीचं सांगितलं. ते कांद्याच्या गोणीला सुतळी ओवत होते.

"डोक्यात काय बघत्यात?"

"विचार करताना रक्त कुठं पळतं ते, आप्पा."

"आन् विचार न्हाई केला तर?"

"तरी पळतं."

"मग विचार करायचा तरास घ्यायचा कशाला," म्हणाले, आणि सगळ्यात आधी स्वतःचं नाव दिलं. त्यांनी दिलं म्हणून देवळापाशी बसणाऱ्या बाकीच्यांनी दिलं. आमच्या कोपऱ्यावरच्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्याही तयार झाल्या. भर काढणीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, घरोघर कटकट झाली असणार; पण सगळे आले. शिरूरचे रशीदमामा त्यांच्या जीपमधून सगळ्यांना पुण्याला न्यायचे-आणायचे. मी पुण्यात संगणकापाशी. कुणाला किती वाजता मशिनीत घालायचं, हे संस्थेच्या ऑफिसातले लोक ठरवायचे. शहरातल्या मंडळींना सकाळची वेळ. ती फिरून, पोहे-उपमा खाऊन, इस्त्रीच्या शर्टात यायची. गावाला दुपार. "त्यांना काय, बसायचंच असतं," असं ऑफिसातली बाई म्हणाली होती.

तक्ता मांडायला घेतला तेव्हा सर माझ्यामागं येऊन उभे राहिले. गावातल्या बहुतेकांच्या आधारवर जन्मतारीख एक जून. सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय गं, तुमच्या गावात सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत होतात का?" खोलीतली माणसं हसली. आता, शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट एक जून लिहिला, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या माणसाला ठाऊक आहे. पण त्या खोलीत ते मला समजावून सांगावं लागलं. मी पुढचा आठवडा फोनवर घालवला. मोठ्या दुष्काळात तुम्ही केवढे होता, खडी फोडायला जात होता का, तुमच्यापेक्षा थोरलं कोण, धाकटं कोण, असं विचारत विचारत एकेकाचं खरं वय जुळवलं. त्या खोलीतलं हसणं मात्र तसंच राहिलं. त्यात कोण कोण हसलं, त्यांची तोंडं मला अजून ओळीनं सांगता येतील.

मग चित्र आलं. गाव वजा शहर केलं की कपाळामागच्या भागात एक मोठा निळा डाग. निळा म्हणजे तिथं गावाकडं रक्त कमी पळतंय. सर डागाकडं बघून इतके खूश झाले, तितके जावयाला पहिला मुलगा झाल्यावर सासरेही होत नाहीत. मला तो डाग काही पटेना. बांधावरचा दगड कुठं होता हे चाळीस वर्षांपूर्वीचं सांगणारा माणूस त्या निळ्यात होता. पण आपल्याला पटत नाही हे काही कारण होत नाही, म्हणून मी गप्प बसले आणि रविवारी घरी गेले.

त्या दिवशीचं रान मला आजही जसंच्या तसं दिसतं. उन्हं चढलेली, काढलेल्या कांद्याच्या ओळी पसरलेल्या, पातीनं पात झाकलेली, आणि बायका रांगेत बसून विळ्यानं पात कापतायत. विळ्याचा एकसारखा कच्-कच् आवाज. हाताला तो वास लागला की दोन दिवस जात नाही, जेवताना घासाला येतो. मी काकूशेजारी विळा घेऊन बसले. काकू कापता कापता म्हणाली, "ह्या खेपेला बोलावलंस ते बोलावलंस, पण पुन्यांदा यांना असं उपाशी नको बोलवू बाई. त्या दिवशी घरी आले ते ओट्यावरच आडवे झाले."

"उपाशी कुणी बोलावलं?"

"आता तपासणी म्हंजी उपाशीपोटीच की."

माझ्या हातातला विळा थांबला. खरंच होतं. शुगरची तपासणी उपाशीपोटी, सोनोग्राफी उपाशीपोटी, मोतीबिंदूच्या शिबिराला उपाशीपोटी. इतक्या वर्षांत डॉक्टरनं ह्या माणसांना जेवून या असं कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, तर त्यांनी जे शहाण्या माणसानं करायचं तेच केलं. नवसाला जावं तसे सगळे निरंकार निघाले. आणि वर पाणीही नाही, कारण मशिनीत बराच वेळ निपचित पडायचंय, मधेच लघवीला लागली तर मशिनीपाशी असणाऱ्या पोरींना सांगायचं कसं?

संध्याकाळी रशीदमामांना फोन केला. ते म्हणाले, "व्हय की. शिक्रापूरला मी गाडी थांबवली, म्हणलं चहा घ्या, वडापाव घ्या. एक बी जण उतरंना. आप्पा म्हणले, तू घे रशीद, आमची तपासणी हाय. मी एकटाच प्यालो, लाज वाटली मला. मग वाघोलीच्या ट्राफिकमदी तासभर. तिथं गेल्यावर दुपारपातूर बाकड्यावर."

म्हणजे आमच्या तक्त्यातलं गाव कोण होतं? पहाटेपासून अन्नपाण्याविना, जीपमध्ये हादरून, बाकड्यावर ताटकळून, दुपारच्या उन्हाच्या वेळी मशिनीत घातलेली माणसं. आणि शहर कोण, तर नाष्टा करून आलेली. ओला कांदा आणि वाळलेला कांदा शेजारी शेजारी तोलून, ओला जास्त भरला म्हणून ते रान भारी असं म्हणणाऱ्याला आमच्याकडं कुणी खळ्यावर उभं करणार नाही. आम्ही तेच केलं होतं, फक्त मशीन महागाची होती.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर काजूकतलीचा डबा उघडा होता, परदेशातल्या मासिकाला डागाचं नुसतं कळवलं होतं, त्याचं चांगलं उत्तर आलं होतं म्हणून. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हे मात्र मान्य करायला हवं. एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "मग एक रकाना वाढव. उपाशी असेल तर एक, जेवलेला असेल तर शून्य."

"त्याचा उपयोग नाही, सर. गावाच्या रकान्यात जिथं एक आहे, तिथंच ह्याही रकान्यात एक येणार. गावातला प्रत्येक जण उपाशी, शहरातला प्रत्येक जण जेवलेला. दोन्ही रकाने तेच ते. ह्यातलं गाव किती आणि भूक किती, हे मॉडेलला कधीच सांगता येणार नाही."

"बरोबर," सर म्हणाले. "मग गावच म्हणू."

मला वाटलं थट्टा करतायत.

"सर, ते खरं नाही."

"भुकेवर कोण पेपर छापतं?" ते म्हणाले. "ही वडी घे."

मी म्हणाले, परत बोलावू, खायला घालून बोलावू, मी येईन त्यांना घेऊन. सर म्हणाले मशीन रिकामी नाही. मग जरा मऊ आवाजात, डोळे मिचकावत म्हणाले की तू त्यांच्यातली आहेस म्हणून तुला लागतंय, विज्ञानात असं मनाला लावून घेऊन चालत नाही. मी म्हणाले, माझं नाव काढा मग. त्यांनी लगेच काढलं. वडी मी घेतली नाही, एवढंच त्या दिवसातलं मला आठवून बरं वाटतं.

पेपर छापून आला. पाठोपाठ मराठी वर्तमानपत्रात बातमी आली, खेड्यातल्या ज्येष्ठांचा मेंदू मंदावतोय म्हणून. बाजूला सरांचा फोटो आणि शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव. तेव्हा डेअरीची निवडणूक तोंडावर होती. ते कात्रण गावातल्या प्रत्येक फोनवर फिरलं, आणि प्रचाराच्या शेवटच्या सभेत समोरच्या पॅनेलच्या पुढाऱ्यानं ते माइकवर वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "आप्पांबद्दल आमाला आदर हाय. पण मशिनीनं सांगितलंय, आमी न्हाई. आन् मशिनीत घातलं कुणी, तर त्यांच्याच पुतणीनं."

आप्पा पडले. पडण्याचं काही नाही, निवडणुकीत माणसं पडतातच. पण त्यानंतर बांधाचं भांडण झालं की लोक थेट तलाठ्याकडं जायला लागले. एकदा आमच्या शेजारच्याच दोन भावांत वाद लागला. आप्पा सवयीनं उठून गेले, बांधावर उकिडवे बसले, बोट दाखवलं. त्यातला धाकटा भाऊ म्हणाला, "आप्पा, तुमचं वय झालं. ऱ्हाऊ द्या." आप्पा उठून घरी आले. हे मला काकूनं सांगितलं. आप्पांनी मला कधीच काही विचारलं नाही. मी गेले की पूर्वी तासन् तास बोलायचे, ते आता "आलीस व्हय?" म्हणून उठून गोठ्याकडं जायचे. एकदाच म्हणाले, तेही गाईला वैरण टाकता टाकता, माझ्याकडं न बघता, "इनामगावाला प्रोफेसर लोकांनी हाडं काढली, पुसली, नंबर घालून कापसात ठिवली. मेलेल्याला बी कुणी येडं म्हणलं न्हाई."

मला त्या वेळी ओरडून सांगायचं होतं की आप्पा, ते गटाचं मॉडेल आहे, ते कुठल्याच एका माणसाबद्दल काही बोलत नाही. तो निळा डाग तुमच्या डोक्यात नाही. तो कुणाच्याच डोक्यात नाही. सगळ्यांची डोकी एका साच्यात दाबून जे सरासरी डोकं तयार होतं, ते जगात कुणाच्या धडावर नसतं. पण हे गोठ्यात कसं सांगायचं? आणि सांगून बांधावरच्या त्या धाकट्या भावाचे शब्द थोडेच मागं जाणार होते.

मी ती संस्था सोडली. दुसरीकडं लागले, लग्न झालं, दौंडला आले. रोज दौंड-पुणे गाडीनं जायचं-यायचं. केडगाव, यवत, उरुळी येत जात राहायचे आणि मी खिडकीशी बसून सरांशी भांडायचे. मनात. काय काय इच्छा केल्यात, सांगायलाही लाज वाटत नाही. वैशाखाच्या दुपारी वरवंडच्या पुढं हायवेला त्यांची गाडी बंद पडावी आणि बाटलीतलं पाणी संपलेलं असावं. त्यांच्या नातवानं भर कार्यक्रमात त्यांना सोपं गणित विचारावं आणि त्यांना येऊ नये. शेजारच्या सीटवरची बाई एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही झोपेत दात खाता." मी जागीच होते.

पण नुसते शिव्याशाप देऊन काय होतं? कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. सरांना मोडायचं तर ज्या हत्यारानं त्यांनी मारलं त्याच हत्यारानं. म्हणून मी वाट बघितली. नव्या संस्थेत माझा स्वतःचा छोटा प्रकल्प मंजूर व्हायला काही वर्षं गेली. झाला तेव्हा मी दारू न पिता प्यायल्यासारखी घरी आले.

मांडणी मी गाडीत बसून आधीच केली होती. तीच माणसं, जेवढी हयात होती तेवढी. प्रत्येकाला दोनदा मशिनीत घालायचं, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवून, आणि आधी कुठलं हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. शहरातल्यांनाही तेच, त्यांनाही उपाशी ठेवायचं. वेळ सगळ्यांना सकाळची. आता गावाचा रकाना आणि भुकेचा रकाना एकमेकांना चिकटलेले नव्हते. आता विचारलं तर उत्तर येणार होतं.

मी गावात गेले, देवळापाशी बसले, सगळं सरळ सांगितलं: मागं काय झालं, का झालं, आता काय करणार. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमी उपाशी व्हतो म्हणून येडे ठरलो?" मी म्हणाले, व्हय. ती म्हणाली, "मग आमची सारी हयातच की गं त्यात." सगळे हसले, आणि येतो म्हणाले. आप्पा बाजूला बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं.

"माझं सोड," ते म्हणाले. "एकदा घातलं डोकं त्या भोकात. तुमी जावा रं सगळे. मी न्हाई."

मी आग्रह केला नाही. मला त्यांना न्यायचं होतं, खरं तर फक्त त्यांनाच न्यायचं होतं. पण ते नाहीच आले. पुन्हा काढणीच्याच दिवसांत रशीदमामांची जीप निघाली. जेवून जायच्या दिवशी काकू बाजरीच्या भाकरी, पिठलं आणि फोडलेला कांदा बांधून द्यायची. शहरातली मंडळी उपाशी राहायच्या दिवशी कुरकुर करायची, चिडायची, एका काकांनी तर मशिनीतूनच चहा मागितला. मी त्यांना प्रेमानं म्हणायचे, थोडंच राहिलंय, काका. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

निकाल आला तेव्हा मी संगणकासमोर एकटी नव्हते, माझ्या दोन विद्यार्थिनी होत्या, त्यामुळं रडता आलं नाही. भुकेच्या रकान्यात तोच निळा डाग, त्याच जागी. गावाचा असो की शहराचा, उपाशी माणसाच्या मेंदूत तो दिसत होता आणि जेवल्यावर जात होता. आणि गाव वजा शहर केलं तर काहीच नाही. राखाडी मेंदू, कोरा, स्वच्छ. इतकं सुंदर रिकामं चित्र मी आयुष्यात बघितलं नव्हतं. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, काहीच आलं नाही." मी म्हणाले, "हो ना," आणि दोघींना मिसळ खायला घेऊन गेले.

मासिकाला पत्र गेलं. मासिकानं सरांना विचारलं. आठवड्यानं सरांचा फोन आला, इतक्या वर्षांनी. आवाज तोच, फक्त "काय गं" च्या जागी "मॅडम" आलं होतं. त्यांना कुठलातरी जीवनगौरव मिळायचा होता. पेपर मागं घेतोच म्हणाले, पण त्यात तांत्रिक कारणामुळं एवढंच लिहावं, आणि मी माझ्या लेखात तो केबिनमधला संवाद कृपया घालू नये. आपण दोघंही तेव्हा नवीन होतो, असंही म्हणाले. ते तेव्हा पन्नाशीचे होते.

मी म्हणाले, उपाशी, जेवलेले, वेळा, सगळं छापणार. त्यात एक अक्षर कमी होणार नाही. तुमचं वाक्य मात्र छापणार नाही, पण एका अटीवर. आमच्या गावाला या. चैत्रात जत्रा असते, सगळं गाव घरी असतं. जे झालं ते माइकवर सांगा, मराठीत.

हे न्यायाचं नव्हतं, मला कळतंय. न्याय पेपर मागं घेतल्यावर झालाच होता. ही मागणी शुद्ध सुडाची होती आणि ती करताना मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. जत्रेला माणसं किती असतात, ते त्यांनी आधी विचारलं. मग तारीख विचारली. आणि हो, मी शब्द पाळला, ते वाक्य माझ्या पेपरात कुठंही नाही. इथं लिहिलंय, पण इथलं आमचं काही ठरलं नव्हतं.

ह्या वर्षीची जत्रा. दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा आखाडा, ओढ्याच्या कडेला. सभोवार कांद्याची रानं, निम्मी काढलेली. गावातल्या पोरांनी वेशीत फ्लेक्स लावला होता: चूक मोठ्या मनाने कबूल करणाऱ्या सरांचे हार्दिक स्वागत, समस्त ग्रामस्थ. खाली सरांचा फोटो, त्याच जुन्या बातमीतला. सर गाडीतून उतरले आणि ते वाचून तिथंच उभे राहिले. पोरांनी त्यांना फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. उन्हात फेटा घट्ट बसला होता आणि त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. दोन खुर्च्या सोडून तो डेअरीवाला पुढारी. बांधावरचा तो धाकटा भाऊही मागं उभा होता, मी शोधून बघितलं. निवेदक म्हणाला, मानाच्या कुस्तीआधी पाहुणे दोन शब्द बोलतील.

सरांनी खिशातनं कागद काढला. "काही तांत्रिक बाबींमुळे," असं वाचायला लागले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी कागद घडी घालून परत ठेवला.

"तुमच्या मेंदूत काही कमी नव्हतं," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तुम्ही त्या दिवशी उपाशी होता. तहानलेले होता. ते मला छापायच्या आधी सांगितलं गेलं होतं. तरी मी गावाचं नाव घालून छापलं. ती माझी चूक झाली."

हलगी थांबली होती, पैलवान अंगाला माती लावता लावता थांबले होते. टाळ्या वाजल्या नाहीत. तो पुढारी आपल्या चपलांकडं बघत होता. मग आप्पा खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उठले. गावासमोर ते कितीतरी दिवसांनी बोलायला उभे राहिले होते. मागची माणसं पुढं सरकली.

"सर," आप्पा म्हणाले, अगदी आदरानं, "आमचा मेंदू जरा मंद हाय. येकदम ध्यानात येत न्हाई. तेवढं पुन्यांदा सांगा. सावकाश."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी माइकवाल्याला आवाज वाढवायला सांगितला.